कानशीचे तीन हात

४ जानेवारी

प्रिय दादा,

सात वर्षांनी पत्र लिहितोय आणि तेही कामाचं, म्हणून आधीच कान पकडतो. आत्या गेल्या तेव्हा भेटलो, तेच शेवटचं. परवा फोन केला होता. तुझ्या गॅरेजातून उत्तर आलं, "ते फोनवर येत नाहीत. बोललेलं हवेत जातं म्हणतात. काय ते लिहून पाठवा." म्हणजे तू होतास तसाच आहेस. बरं वाटलं.

मी अजून गाड्यांच्या त्याच कंपनीत आहे, प्रसिद्धी विभागात. यंदा कंपनीला पन्नास वर्षं होतात, आणि इतिहासाचं पुस्तक लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लहानपणी शाईची अख्खी दौत प्यायलो म्हणून तूच मला 'शाई' करून टाकलंस. आता ती बाहेर पडतेय म्हण! तिसऱ्या प्रकरणाची कच्ची छपाई सोबत पाठवतोय. कंपनीच्या दारांची कीर्ती, हा विषय. चुका दिसल्या तर कळव.

आता मुख्य गोष्ट. कंपनीची अगदी पहिली गाडी, जिला सगळे 'थोरली' म्हणतात, ती गेल्या वर्षी एका जुन्या गिऱ्हाइकाकडून परत घेतली. १ मार्चला मोठा समारंभ आहे. रंग झाला, इंजिन झालं, गाद्या झाल्या. पण ड्रायव्हरशेजारचं दार काही केल्या धड लागत नाही. आमच्याकडे आता दारं यंत्रं बसवतात. तीन इंजिनिअर दोन आठवडे तिच्याशी झटापट करून हरले. एकाने तर कडेला रबर चिकटवलं. शेवटी गोदामातला एक जुना माणूस म्हणाला, "बगळेवाल्या गाड्यांचा एकच वैद्य उरलाय," आणि त्याने तुझा पत्ता काढून दिला! मी म्हटलं, अहो, हा तर माझा आतेभाऊ.

हे काम तू करावंस. आणखी एक कारण आहे. आमचे बाबा, म्हणजे तुझे मामा, आता कंपनीच्या हयात कारागिरांत सगळ्यांत जुने. त्या दिवशी त्यांचा सत्कार आहे. सगळ्यांच्या देखत ते थोरलीत बसणार आणि एका बोटाने दार लावणार. दार तू दुरुस्त केलेलं आणि लावणारे मामा. घरचंच कार्य झालं की नाही?

एक विनंती. आतोबांचं, म्हणजे तुझ्या बाबांचं, जुनं प्रकरण या निमित्ताने उकरायला नको. मी पुस्तकात त्यांचं नाव घेतलेलं नाही. त्यांच्या भल्यासाठीच.

तुझा,
शाई

—

११ जानेवारी

चि. शाई,

पत्र पोचलं. प्रकरण दोनदा वाचलं, पेन्सिल हातात घेऊन. मी शाळा पाचवीत सोडली आणि जे शिकलो ते वस्तू उघडून शिकलो. तरी तुझ्या अकरा पानांत मला चौदा चुका सापडल्या. सगळ्या कागदावर वेगळ्या लिहिल्या आहेत, ठळक तेवढ्या इथे सांगतो.

गाडीच्या नाकावरच्या बगळ्याचा, कंपनीच्या खुणेचा, उचललेला पाय तू डावा लिहिलास. पहिली चार वर्षं तो उजवा होता. मग साचा तुटला आणि ओतकाम करणाऱ्याने नवा साचा उलटा धरला. तेव्हापासून बगळा डावा पाय उचलून उभा आहे आणि तुमच्या एवढ्या साहेबांत एकाच्याही ते लक्षात आलेलं नाही. थोरलीच्या नाकावरचा बघून घे.

'स्वतःच्या इंजिनाच्या बळावर' हे वाक्य काढ. इंजिन विकत आणलेलं होतं. गिअर विकत, दिवे विकत, घड्याळसुद्धा विकत. पहिल्या मालकाने रंग काढला आणि बगळा बसवला. कंपनीचं स्वतःचं म्हणून एकच होतं, दार. 'दार लावा, जग बाहेर ठेवा' ही जाहिरात तू मोठ्या अक्षरांत छापलीस. मग ते दार कुणाच्या हातचं, हे छापायला जागा पुरली नाही का?

आणि कारागीर दाराला 'कान लावून' तपासत, हे तुला कुणी सांगितलं? पन्नास हातोडे चालू असलेल्या खोलीत कान काय ऐकणार! दार लावायचं, तळहात काचेवर ठेवायचा आणि एक श्वास थांबायचं. आवाज हाताला कळतो. माझे बाबा तिथे कामाला होते तोवर घरातलं कपाट लावलं तरी तसंच करायचे.

आता पान ४३. तुझीच वाक्यं तुला परत देतो. "सहाव्या वर्षी एका कारागिराच्या निष्काळजीपणामुळे वळणावर दार उघडून एक महिला जखमी झाली. कंपनीने त्यास तत्काळ दूर केले व दारांचे काम त्याच्या तरुण सहकाऱ्याने समर्थपणे पुढे नेले." तो कारागीर माझा बाप. तो सहकारी तुझा. नाव न घेऊन तू माझ्या बापाचं काय भलं केलंस, ते मला कळलं नाही. फाटकावर त्यांचं नाव लिहून लावलं होतं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, वाचता येत होतं. त्यानंतर गावातल्या एकाही कारखान्याने त्यांना आत घेतलं नाही. ज्या हातांनी ती दारं बसवली, त्या हातांनी चोवीस वर्षं बादल्यांना बूड लावलं.

तरी काम घेतो. गाडी माझ्या शेडमध्ये पाठव. तुमचा एकही माणूस डोक्यावर उभा राहणार नाही. आणि त्या अपघाताच्या चौकशीची पेटी तुमच्या दप्तरात असेल, तीत दाराची खिट्टी असेल. दाराच्या कडेतून पुढे येऊन चौकटीच्या खाचेत बसते, ती पोलादी जीभ. ती मला नमुन्यासाठी हवी. मजुरीचं काम झाल्यावर सांगेन.

या पत्राची नक्कल मी ठेवली आहे. सगळ्यांची ठेवतो.

दादा

—

२० जानेवारी

प्रिय दादा,

चौदा चुका! आमच्या संपादकाने तुझा कागद वाचला आणि म्हणाला, "या माणसाला नोकरीवर ठेवा, नाहीतर कोंडून ठेवा." बगळ्याचा पाय खरंच उजवा निघाला. आम्ही तिघे थोरलीच्या पुढ्यात उभे राहून स्वतःचे पाय उचलून बघत होतो, झाडणाऱ्या बाईंना वाटलं आम्ही कवायत करतोय.

पाय सुधारला, तळहात घातला, इंजिनाचं वाक्य जरा मऊ केलं. पान ४३ मात्र तसंच राहील. ते संचालकांनी सही करून मंजूर केलंय, माझ्या हातात नाही. रागावू नकोस.

गाडी सोमवारी ट्रकवर चढेल. खिट्टी सोबत पाठवतोय. पेटीला लाख लावलेली होती, मीच फोडली. आत कापसात गुंडाळलेली खिट्टी आणि चौकशीचा दीड पानांचा कागद, बाकी काही नाही. वापरून झाली की परत दे, माझ्या सहीवर बाहेर काढली आहे.

बाबांना सांगितलं, दार दादा करतोय. त्यांचा हातातला कप तसाच राहिला. मग विचारलं, "खिट्टी पाठवलीस का त्याला?" म्हटलं, हो. मग चहा गार झाला तरी बसून राहिले. आनंद झाला असणार. तुझ्या हातात हुन्नर आलंय याचा त्यांना अभिमान आहे, दाखवत नाहीत एवढंच.

तुझा,
शाई

—

२ फेब्रुवारी

शाई,

गाडी आली. तुमच्या रंगाऱ्याने रंग बरा दिलाय. ते रबर मी पहिल्या दिवशीच खरवडून टाकलं.

दाराचं आतलं अस्तर काढलं. त्याखाली नमदा, म्हणजे आवाज दाबणारा लोकरीचा जाड थर, नमद्याखाली पत्रा. पत्र्याच्या खालच्या कोपऱ्यात, बिजागरीपासून चार बोटांवर, पंचने ठोकलेले तीन ठिपके आणि त्यांच्याखाली एक आडवी रेघ. ही बाबांची खूण. घरातल्या प्रत्येक हत्यारावर आहे. त्यांच्या हातोड्यावर आहे, जो आत्ता माझ्या हातात आहे. तुमच्या कीर्तीच्या पोटात पन्नास वर्षं माझ्या बापाची सही आहे, हे तुमच्या संचालकांना ठाऊक नसेल.

मग तू पाठवलेली खिट्टी भिंगाखाली धरली. पुढचं नीट वाच, आणि मध्येच उठून जाऊ नकोस.

बाबा डावखुरे होते. डावखुरा माणूस कानस चालवतो तेव्हा पोलादावर ओरखडे उजवीकडून डावीकडे उतरतात. या खिट्टीवर सगळीकडे तसेच आहेत, एकसारखे, विंचरल्यासारखे. पण टोकाच्या उतारावर, जिथे ती खाचेत घसरते, तिथे त्यांच्यावरून दुसरे ओरखडे आहेत. ते उलट्या बाजूला उतरतात. म्हणजे उजव्या हाताचे.

उजवे ओरखडे असणं हा गुन्हा नाही. त्या खात्याची रीतच होती. उस्तादाने खिट्टी पूर्णत्वाला न्यायची आणि शेवटचे तीन हात शिकणाऱ्याला मारू द्यायचे. त्याशिवाय हाताला माप कळत नाही. तीन हात. मी या टोकावरचे मोजले. तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात मोजले. अकरा आहेत.

अकरा का, तेही मला कळलंय. त्या महिन्यात पहिल्या मालकाने म्हणे पैज लावली होती की बगळ्याचं दार झोपलेल्या बाळाशेजारी लावून दाखवतो. तू ती मोठ्या कौतुकाने पान ४२ वर लिहिली आहेस. मग कुणीतरी आवाज कमी करायला आणखी एक हात मारला, आणखी एक, आणखी एक. आवाज गेला. खिट्टीचं टोकही गेलं. खाचेत जेमतेम अडकणारं दार गाडीला बसलं आणि वळणावर उघडलं.

आता मला सांग, त्या वर्षी माझ्या बाबांच्या टेबलाशी शिकायला कोण होतं? आठवत नसेल तर पान ४३ वरचा फोटो बघ. बाबांच्या उजव्या खांद्याशी उभा आहे. केसांचा मधोमध भांग.

पुस्तकात खरं लिही.

दादा

—

९ फेब्रुवारी

माननीय महोदय,

आपले दिनांक २ चे पत्र मिळाले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या वस्तूवरील ओरखड्यांवरून कोणावरही दोषारोप करणे योग्य नाही. कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट व अंतिम आहे. पुस्तक छपाईस गेले आहे. सदर खिट्टी ही कंपनीची मालमत्ता असून ती तातडीने परत करावी, तसेच वाहन दि. २२ पर्यंत पोहोचते करावे. अन्यथा प्रकरण कायदे विभागाकडे सोपवावे लागेल.

प्रसिद्धी विभाग

दादा, वरचं साहेबांनी सांगितलं म्हणून टाइप केलं, हे हाताने लिहितोय. बाबांना विचारलं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हणून बजावलंय. आतोबा गेले, आत्या गेल्या, आता हे कुणासाठी? मी तुझ्या पाया पडतो. तो सत्कार त्यांच्या आयुष्यातला एकच आहे.

—

१५ फेब्रुवारी

चि. शाई,

खिट्टी परत पाठवत आहे. कापूस नवीन घातला आहे, जुन्यावर गंजाचे डाग होते. पोच दे.

दार तयार आहे. बिजागरीच्या दोन्ही खुंट्या नव्या केल्या, चौकट दीड सुताने वर उचलून घेतली. दार एका बोटाने लागतं. तुझ्या इंजिनिअरांना वीस वेळा लावून बघू दे, त्यांना काहीही खोट सापडणार नाही. गाडी २१ तारखेलाच पोचेल, म्हणजे तुमच्या कायदे विभागाला तसदी पडायची नाही.

शेवटचा एक स्क्रू फक्त मी ट्रकवर चढवण्याआधी काढून घेतला आहे. तो आतल्या नमद्याचा, दिसत नाही. नमदा नवा आहे, बसायला आठ दिवस घेईल, म्हणून मोकळा ठेवला. काळजीचं कारण नाही.

मामांना माझा निरोप दे. म्हणावं, दार लावल्यावर तळहात काचेवर ठेवा आणि एक श्वास थांबा. जुन्या रीतीने. लोकांना बघायला आवडेल, फोटोही चांगला येईल. त्यांच्या मानाला मी गालबोट लावणार नाही. त्यांच्या हाताला जे शोभेल, तेवढंच दार मी केलं आहे.

दादा

—

३ मार्च

दादा,

काय करून ठेवलंस?

इंजिनिअरांनी पोचल्या दिवशी दार तपासलं, तोंडात बोटं घातली. समारंभाच्या सकाळपर्यंत कारखान्यात तुझंच कौतुक चाललं होतं. १ तारखेला मांडव भरलेला, पाचशे माणसं, वार्ताहर, जुनी गिऱ्हाइकं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, आता या दाराची कीर्ती तुम्ही ऐकणार नाही, कारण ऐकण्यासारखं काही नाहीच. लोक हसले. बाबा आत बसले. नवीन कोट घातला होता. माइक काचेजवळ नेला. बाबांनी एका बोटाने दार लावलं. काही नाही. अगदी शांत. लोक टाळ्या वाजवायला हात वर करतात न करतात, तोच एका श्वासाने, आतून,

टक्.

माइकमुळे शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. शांत. मग टक्. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राचा मथळा होता, 'पन्नास वर्षांनी बगळा बोलला'. संचालक तो कापून खिशात घेऊन फिरतायत आणि दिसेल त्याला दाखवून ओरडतायत.

पण मी तुला बाबांबद्दल लिहितोय. पहिल्या 'टक्'ला त्यांचा तळहात काचेवर होता, तू सांगितलंस तसा. मी समोरच उभा होतो. दादा, त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, हृदयाचं काहीतरी झालं. मी धावलो. त्यांनी मला हातानेच थांबवलं. तिसऱ्यांदा दार उघडून लावलं, कुणी न सांगता. हात ठेवला, थांबले. टक्. मग माइककडे वळून स्वच्छ म्हणाले, "हे दार माझं आहे. हे मी घासलंय."

अध्यक्षांना वाटलं, जुन्या आठवणीने गहिवरले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पाचशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि बाबा गाडीतून उतरेनात.

घरी आल्यापासून उजवा हात मांडीवर उघडा ठेवून बसतात.

आमचे लोक अस्तर काढायला गेले. नमदा काढला तरी आवाज जात नाही, उलट वाढतो. खिट्टीला हात लावायचं धाडस कुणात नाही. १५ तारखेला गाडी कायमची संग्रहालयात जायची आहे, रोज शेकडो लोक ते दार लावून बघणार. संचालक म्हणतात, मागेल ते द्या पण तो आवाज बंद करा. तू ये. नाहीतर काय हवंय ते लिही.

शाई

—

७ मार्च

शाई,

आता मजुरी सांगतो.

आधी काम काय केलं ते. तू पाठवलेल्या खिट्टीची मी हुबेहूब नक्कल बनवली. बाबांसारखी डाव्या हाताने घासली. डाव्या हाताने कानस धरायला मला तीन वर्षं लागली होती, शिकवायला कुणी नव्हतं. बाबांनी मला कधी कानशीला हात लावू दिला नाही, म्हणायचे, "या धंद्यात माणसाची किंमत दाराच्या आवाजाएवढी." मग टोकावर उजव्या हाताने अकरा हात मारले. मोजून, भिंगाखाली, तुझ्या वडिलांचा जोर कुठे कमी आणि कुठे जास्त पडला तेही बघून. सातव्या हाताला त्यांचं मनगट वळलं होतं, माझंही वळवलं. ती खिट्टी थोरलीला लावली आणि काचेवर तळहात ठेवला.

लावताना आवाज नाही. एका श्वासानंतर खिट्टी खाचेत आणखी थोडी घसरते आणि टक्. त्या दिवशीही झालं असणार. मामांनी आवाज घालवला म्हणून खुशीत हात लगेच उचलला आणि दार पास केलं. एक श्वास थांबले असते तर बाई पडली नसती, आणि माझा बाप बादल्या सांधत मेला नसता. मी फक्त नमदा मोकळा ठेवला. तो हलला की हाताला कळणारा आवाज कानाला ऐकू येतो. प्रवासात आणि आठ दिवसांत तो बरोबर हलला. दुसरा एक अडसर मी आत बसवला आहे, दार वळणावर उघडणार नाही. माझ्या हातून कुणाचं हाड मोडणार नाही. तेवढा माझ्यात आणि कंपनीत फरक आहे.

तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. नोकरी गेली त्या दिवसापासून बाबांनी घरातलं एकही दार लावलं नाही. बाहेरचं नाही, कपाटाचं नाही, मोरीचंसुद्धा नाही. आत घ्यायचे, लोटायचे, अर्धवट सोडून पुढे जायचे. आई मागून उठून लावायची. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "माझं दार उघडतं रे." आईला आयुष्यभर वाटलं, नवऱ्याच्या हातून चूक झाली. आणि स्वतःच्या भावाचा संसार त्याच टेबलावर उभा राहिला याचं तिला समाधान होतं. आजारपणात माझ्याजवळ म्हणाली, "एकाचं गेलं तरी घरातल्याच दुसऱ्याला मिळालं." मी ते ऐकून घेतलंय, शाई. चिठ्ठीवर, तळटिपेवर, दिलगिरीवर हे मिटणार नाही.

मजुरी अशी. पान ४३ पुस्तकातून कापून नवीन छापायचं. चिकटवलेली पट्टी चालणार नाही, पट्ट्या निघून येतात. त्यावर बाबांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट पूर्ण. दार कुणी केलं ते, खिट्टी कुणी घासली ते, आणि किती हात. आणि हे मामांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं पाहिजे, तुझ्या भाषेत नको. ऑपरेशनचं मला सांगू नकोस. बाबांचं हृदय कुणी तपासलं नव्हतं.

तोवर बगळा बोलत राहील. रोज, शेकडो वेळा.

दादा

—

१० मार्च

चि. भाचा यास,

मी मामा. मला लिहायची सवय नाही. खोडाखोड झाली आहे, तशीच वाच.

पहिल्या 'टक्'लाच मी ओळखलं. माझा हात मला ओळखता येतो. सातव्याला मनगट वळलं होतं, ते तू बरोबर पकडलंस. त्या दिवशी खिट्टी माझ्या हातात देतानाच दाजींना वरच्या साहेबाने बोलावलं होतं. ते म्हणाले, "तीन मार आणि थांब, मी आलोच." मी तीन मारले. बारीक आवाज राहिला होता. मला वाटलं, दाजी येईपर्यंत तोही घालवावा, खूश होतील. ते परत आले तोवर दार गाडीला लागून पुढे गेलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. शाबासकी मिळाली, ती घेतली.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी खिट्टी दाजींच्या हातात दिली. त्यांनी एकदा बघितली, आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात सगळं कळलं त्यांना. बाहेर बाकावर आलो तेव्हा मी रडत होतो. तुझी मामी सात महिन्यांची होती, शाई पोटात होता. दाजी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आज गप्प राहा. तुझं होऊन जाऊ दे, मग बघू."

आज म्हणाले होते. मी चव्वेचाळीस वर्षं राहिलो.

पोरगा झाला. मग त्यांचं टेबल मला दिलं. मग घर बांधायचं होतं. दर वर्षी वाटायचं, यंदा सांगेन. दाजी रस्त्यात दिसले की मी गल्ली बदलायचो. त्यांनी मला कधी हाक मारली नाही आणि कधी कुणाला सांगितलंही नाही. हाक मारली असती तर कदाचित बोललो असतो. हे मी सबब म्हणून लिहीत नाही.

काल साहेबांपुढे बसून सगळं लिहून दिलं, सही केली. शाईनेच टाइप केलं, टाइप करताना त्याने मान वर केली नाही. साहेब आधी नको म्हणाले, कंपनीचं नाव जाईल. मी म्हटलं, मग रोज शेकडो लोकांना ऐकवा. तेव्हा कबूल झाले. नवीन पान ४३ सोबत आहे. सत्काराची ढालही मी परत केली, ती कारखान्यात पडली आहे.

तुझ्याकडे तोंडाने माफी मागायची हिंमत नाही म्हणून कागदावर मागतो.

मामा

—

१२ मार्च

मामा,

पान ४३ वाचलं. नाव बरोबर आहे. 'डावखुरे' हा शब्द राहिला आहे, तो घालायला सांगा. त्याशिवाय ओरखड्यांचा खुलासा होत नाही. थोरलीच्या बगळ्याचा पाय या वेळी उजवा आहे, ठीक.

बाबा "आज" म्हणाले होते, हे मला माहीत नव्हतं. त्याने माझा राग कमी झाला असं समजू नका. इतकी वर्षं तो अदमासाने होता, आता त्याला नेमकं माप मिळालं. माफी माझ्याकडे मागून उपयोग नाही. ती बाबांची होती, जाताना त्यांनी सोबत नेली की इथे ठेवली, मला ठाऊक नाही. ठेवली असली तरी माझ्या हाताला लागलेली नाही.

१४ तारखेला सकाळी दहा वाजता मी कारखान्यात येतो. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी फाटकावरून परत फिरवलेल्या माणसाचा मुलगा म्हणून येतो, तेव्हा फाटक मोठं उघडं असू दे, बाजूच्या झडपेतून मी शिरणार नाही. नवी खिट्टी माझ्यासोबत आहे, पोलाद चांगलं आहे, डाव्या हाताने घासलेली आहे. ती पूर्ण केलेली नाही. शेवटचे तीन हात ठेवले आहेत, तुमच्यासाठी.

दारांच्या खात्यातली सगळी माणसं टेबलाभोवती उभी हवीत. संचालकही. पहिला हात मारण्याआधी तुम्ही बाबांचं पूर्ण नाव घ्यायचं, पन्नास हातोडे चालू असल्यासारखं, मोठ्याने. मग कानस उचलायची. प्रत्येक हाताला मोठ्याने मोजायचं. मग खिट्टी दाराला लावून, दार लावून, तळहात काचेवर ठेवायचा आणि एक श्वास थांबायचं. तो श्वास मी घड्याळावर मोजणार आहे.

मी तुमच्या उजव्या बाजूला उभा असेन. तीन म्हणजे तीन. चौथ्यासाठी कानस उचललीत तर मी तुमचं मनगट धरीन. त्या दिवशी ते धरायला शेजारी कुणी नव्हतं.

भाचा